जैविक नमुन्यांचे करार आधीच सुटसुटीत हवेत

महोदय,

कोव्हॅक्सिन ज्या विषाणूपासून तयार झाली, तो पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत वेगळा केलेला होता आणि मे २०२० मध्ये तो भारत बायोटेककडे सुपूर्द झाला. निव्वळ विक्रीवर ५ टक्के स्वामित्वधन भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेला देण्याचे करारात ठरले होते. तरीही कंपनीच्या पेटंट अर्जात परिषदेचे नाव नव्हते. २०२४ मध्ये त्यावर टीका झाली तेव्हा ते अनवधानाने राहिल्याचे सांगून कंपनीने परिषदेचे नाव जोडण्याची प्रक्रिया सुरू केली. सरकारचे पाठबळ असलेल्या व्यवहारात असे घडते, तर विद्यापीठातल्या छोट्या प्रयोगशाळेने कुणाच्या भरवशावर राहावे?

मी अशाच प्रयोगशाळेत अनेक वर्षे काम केले. आमच्या एका विद्यार्थिनीला दुसऱ्या विद्यापीठातून एक प्लाझ्मिड, म्हणजे जिवाणूंत सापडणारा डीएनएचा छोटा गोलाकार तुकडा, हवे होते. गाळणकागदावर त्याचा थेंब वाळवायचा, भोवती पेन्सिलीने गोल काढायचा आणि कागद साध्या पाकिटातून टपालाने पाठवायचा, एवढेच ते काम. तिथले प्राध्यापक त्याच दिवशी तयार होते. नमुना देण्याघेण्याचा करार मात्र दोन्हीकडच्या कार्यालयांत सात महिने फिरत राहिला, कारण त्या प्लाझ्मिडपासून पुढे जे काही निघेल त्या सगळ्यावर देणाऱ्याचा हक्क, असे एक कलम त्यात होते. तिच्या शिष्यवृत्तीचे ते महिने कुणी भरून दिले नाहीत.

अमेरिकेत नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थ या सरकारी आरोग्य-संशोधन संस्थेने १९९५ मध्येच ना-नफा संस्थांसाठी अशा कराराचा एक सामाईक मसुदा जाहीर केला. संस्थेने त्यावर एकदा सही केली की पुढे प्रत्येक नमुन्यासाठी छोटे पत्र पुरते. मूळ नमुन्यावर देणाऱ्याची मालकी राहते, घेणाऱ्याने त्यात जी नवी भर घातली ती त्याची, आणि व्यापारी वापरासाठी वेगळी परवानगी घ्यावी लागते. आपल्या राज्यातील विद्यापीठांनी असा मसुदा मराठी आणि इंग्रजीत एकत्र बसून तयार करावा.

कंपनीला नमुना वापरण्याचा परवाना देताना स्वामित्वधन आणि पेटंटमधील नावे पहिल्याच दिवशी लिहिली जावीत. माझ्या मते त्याहून महत्त्वाचे कलम असे, की परवाना एकाच कंपनीला दिला तरी तोच नमुना इतर संशोधकांना अभ्यासासाठी देण्याचा विद्यापीठाचा हक्क अबाधित राहावा. घाईत केलेल्या करारांत नेमके हेच कलम सुटते आणि मग ज्या प्रयोगशाळेत नमुना जन्मला, तिलाच तो शेजारच्या प्रयोगशाळेला देता येत नाही.

– एक निवृत्त संशोधक, पुणे