हॅश घरीच काढा, फुकट निघतो

महोदय,

सिव्हिल लाइन्समध्ये जिल्हा न्यायालयाजवळ माझे टायपिंग आणि झेरॉक्सचे टेबल आहे. भारतीय साक्ष्य अधिनियम १ जुलै २०२४ पासून लागू झाला आणि पेन ड्राइव्ह घेऊन येणाऱ्यांची गर्दी वाढली. मोबाइलमधले रेकॉर्डिंग, दुकानातले सीसीटीव्ही, भाडेकरूचे ईमेल, काहीही असते. ते पुरावा म्हणून दाखल करायचे तर कलम ६३ चे प्रमाणपत्र लागते, त्यात फाईलचा हॅश, म्हणजे फाईलमधल्या मजकुरावरून संगणकाने काढलेली आकडे-अक्षरांची ओळखखूण, लिहावा लागतो आणि हॅशचा रिपोर्टही जोडावा लागतो. “भाऊ, थो हॅश का काय म्हणतात, थो काढून दे,” एवढेच पक्षकाराला ठाऊक असते. आमच्या लाइनीत काहीजण या कामाचे फाईलमागे पाचशे रुपये घेतात. शेजारी रागावतील, पण हे काम मिनिटभराचे आणि फुकटाचे आहे.

नीरसॉफ्टचे ‘हॅशमायफाइल्स’ हे मोफत सॉफ्टवेअर पेन ड्राइव्हवर ठेवले की झाले. इन्स्टॉल करावे लागत नाही, त्यामुळे ऑफिसच्या पासवर्डवाल्या संगणकावरही बहुधा चालते. फाईल ओढून खिडकीत टाकली की एमडी५, एसएचए-१, एसएचए-२५६ अशा हॅश काढण्याच्या वेगवेगळ्या पद्धतींचे सगळे आकडे समोर येतात आणि रिपोर्टही सेव्ह होतो. तेही नको असेल तर विंडोजमध्येच ‘सर्टयुटिल’ ही कमांड आहे. फक्त शेवटी एसएचए-२५६ लिहायला विसरू नये, नाहीतर ती एसएचए-१ काढून देते. प्रमाणपत्राच्या नमुन्यात तिन्ही पर्याय छापले आहेत, तरी खूण एसएचए-२५६ वर करावी. एमडी५ ची कमजोरी २००४ मध्येच उघड झाली. २०१७ मध्ये गूगल आणि ॲमस्टरडॅमच्या सीडब्ल्यूआय संस्थेने एकच एसएचए-१ असलेल्या दोन वेगळ्या पीडीएफ बनवून दाखवल्या. समोरचा वकील हे वाचून आलेला असू शकतो.

खरा घोळ हॅश कधी काढला यात होतो. व्हिडिओ आधी व्हॉट्सॲपवरून भाच्याला पाठवतात, भाचा तो पेन ड्राइव्हवर टाकतो आणि मग आमच्याकडे येतात. व्हॉट्सॲप व्हिडिओ दाबून लहान करते. ती फाईलच वेगळी झाली, मूळ फाईलशी तिचा हॅश जुळणार कसा? पाठवायचाच असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. नाव बदलल्याने हॅश बदलत नाही, पण वर्डची फाईल उघडून नुसती पुन्हा सेव्ह केली तरी बदलू शकतो. म्हणून मूळ यंत्रातून फाईल उतरवली की पहिले काम हॅशचे. आणि टंकलेखक म्हणून सांगतो, एसएचए-२५६ ची ती चौसष्ट अक्षरे हाताने टाइप करू नका, करूही देऊ नका. कॉपी-पेस्ट करा. त्यात शून्य असते, इंग्रजी ‘ओ’ कधीच नसतो. तरी अर्जांत तो दिसतो.

एका गोष्टीची मात्र चीड येते. काही ठिकाणी पक्षकाराची फाईल कुठल्यातरी वेबसाइटवर चढवून हॅश काढतात. नवरा-बायकोच्या भांडणाचे रेकॉर्डिंग परक्या सर्व्हरवर कशाला? संगणकातल्या संगणकात होणारे काम आहे ते.

प्रमाणपत्राचा भाग ब तज्ज्ञाने भरायचा असतो, त्याची फी तो घेईल. त्याबद्दल तक्रार नाही. भाग अ पक्षकाराचा आहे. रेकॉर्डिंग खरे की बनावट, हे हॅश सांगत नाही, फाईल तीच आहे एवढेच सांगतो, हेही त्याला कोणीतरी समजावले पाहिजे. ऑनलाइन खटले दाखल करायला मदत करणारे देशातले पहिले ई-रिसोर्स सेंटर ‘न्याय कौशल’ ऑक्टोबर २०२० मध्ये आपल्याच शहरात, काटोल रोडवर सुरू झाले. तिथे आणि जिल्हा न्यायालयाच्या आवारात इंटरनेट नसलेला एकेक संगणक, त्यावर हे सॉफ्टवेअर आणि भिंतीवर मराठीत एक पानी सूचना, एवढे संबंधितांनी करावे. सूचना मी फुकट टाइप करून देईन.

आपला,
न्यायालयाबाहेरचा एक टंकलेखक,
सिव्हिल लाइन्स, नागपूर