मोदेनाच्या ताईंना पत्र

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार.

परत आल्यावर तुम्हाला व्हॉट्सअ‍ॅपवर आभाराच्या चार ओळी पाठवल्या होत्या. तेवढ्यानं माझं समाधान झालं नाही. म्हणून हे पत्र, आणि तेही सगळ्यांना वाचता येईल असं. तुम्ही आमच्यासाठी केलंत काय, हे नुसत्या 'खूप मदत झाली'मधून कळत नाही.

आपली ओळख ती काय, तर माझ्या मावसबहिणीच्या मैत्रिणीच्या तुम्ही नणंद. एवढ्याशा धाग्यावर मी एका रविवारी तुम्हाला आमचा बेत धाडला. आई-बाबांच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली म्हणून सात रात्रींची क्रूझ आणि त्याआधी उत्तर इटलीत पाच दिवस रेल्वेनं थोडं फिरणं. मिलानला उतरायचं, थेट व्हेनिस गाठायचं, सगळे दिवस तिथंच काढायचे आणि शनिवारी सकाळी बोटीवर चढायचं. तिकिटावर बंदर म्हणून व्हेनिस छापलं होतं आणि शेजारी कंसात रावेन्ना. भाऊचा धक्का म्हटलं की मुंबई, तसं रावेन्ना हे व्हेनिसच्या धक्क्याचं नाव असेल, अशी मी समजूत करून घेतली होती.

तासाभरात तुमचा फोन आला. तुम्ही तीनच प्रश्न विचारलेत. आईंचे गुडघे कसे आहेत? बॅगा किती आणि उचलणार कोण? बोटीवर शेवटचं कधी घेतात? पहिल्या दोन्हींची उत्तरं मी दिली. तिसऱ्याला मी गप्प झाले, कारण बोट सुटायची वेळ मला पाठ होती, पण दार कधी बंद होतं हे मी पाहिलंच नव्हतं.

मग तुम्ही शांतपणे समजावलंत. १ ऑगस्ट २०२१ पासून २५,००० टनांवरच्या बोटींना व्हेनिसच्या सान मार्कोसमोरून आणि जुदेक्का कालव्यातून जायला बंदी आहे. त्यामुळे बऱ्याच मोठ्या बोटी आता दुसरीकडून सुटतात. आमची सुटणार होती रावेन्नाजवळच्या पोर्तो कोर्सिनीहून, म्हणजे रेल्वेनं व्हेनिसपासून तीन तासांच्या आसपास, तेही बोलोन्याला किंवा फेर्राराला गाडी बदलून. शिवाय रावेन्ना स्टेशनापासून धक्का आणखी पंधराएक किलोमीटर. दोन म्हातारी माणसं, चार बॅगा आणि मध्ये गाडी बदलायची! एक गाडी चुकली असती तर आमची बोट आमच्याशिवाय ग्रीसला गेली असती.

'आदली रात्र बंदराच्या गावात काढायचीच. ती एक गोष्ट ठरली की बाकीचं आपण सावकाश मांडू,' असं तुम्ही म्हणालात. फोन स्पीकरवर होता. बाबा एसटीत वाहतूक नियंत्रक होते, सगळी नोकरी कंट्रोल केबिनमध्ये गेली. ते खुर्चीत सरसावून बसले आणि म्हणाले, 'या बाईंना वेळापत्रक कळतं.' त्यांच्या तोंडून याहून मोठं कौतुक मी आजवर ऐकलेलं नाही.

मग तुम्ही मुक्काम बोलोन्याला हलवलात. त्याचं कारण मला आधी पटलं नव्हतं. बोलोन्या कुणाच्या यादीत असतं? पण नकाशावर बघितलं की कळतं, उत्तर इटलीतले लोहमार्ग तिथं येऊन गाठ मारतात. मिलान वेगवान गाडीनं तासाभरावर, व्हेनिस दीड तासावर, रावेन्ना साध्या गाडीनं सव्वा तासावर. एकाच खोलीत बॅगा ठेवायच्या आणि हात हलवत फिरून यायचं. आईच्या गुडघ्यांसाठी याहून चांगला बेत नव्हता.

तिकिटांचं तुम्ही जे शिकवलंत ते मी वहीत उतरवून ठेवलं आहे. वेगवान गाडीचं तिकीट विमानासारखं असतं, लवकर काढलं की स्वस्त, पण स्वस्तातलं बहुधा बदलता येत नाही. साध्या प्रादेशिक गाडीचं भाडं मात्र ठरलेलं. आदल्या महिन्यात काढा नाहीतर पाच मिनिटं आधी, दर तोच, आसन क्रमांक नाही. म्हणून मिलान ते बोलोन्या तुम्ही पूर्ण दराचं, बदलता येणारं तिकीट काढायला लावलंत. मला तेव्हा ते पैसे जास्तीचे वाटले होते, खरं सांगते. विमान अडीच तास उशिरा पोचलं आणि विमानतळावरूनच मी फोनवर गाडी बदलून घेतली, तेव्हा त्या पैशांची किंमत कळली. आणि बोलोन्या ते रावेन्ना? 'ते काढूच नका, मोकळं ठेवा,' असं तुम्ही सांगितलंत. त्या मोकळ्या ठेवलेल्या तिकिटानं पुढं आमची क्रूझ वाचवली.

बोलोन्याच्या स्टेशनाबद्दलचा तुमचा ऑडिओ मेसेज आम्ही तिघांनी गाडीतच दोनदा ऐकला. वेगवान गाड्या जमिनीखाली खोल उतरतात, वर यायला दहा-पंधरा मिनिटं धरा, सरकत्या जिन्याच्या मागं लागू नका, लिफ्ट शोधा. अगदी तसंच झालं. आई एकही पायरी न चढता वर आली.

वर आल्यावर ते घड्याळ. स्टेशनाच्या भिंतीवरचं, दहा पंचवीसवर थांबलेलं. तुम्ही आधी सांगितलं नसतं तर बाबा नक्की म्हणाले असते की इथं देखभाल नाही. २ ऑगस्ट १९८० च्या सकाळी त्या वेळेला प्रतीक्षालयात बॉम्ब फुटला आणि ८५ माणसं गेली. सुट्टीला निघालेली, गाडीची वाट बघत बसलेली माणसं. बाबा टोपी हातात घेऊन तिथं बराच वेळ उभे राहिले. ज्या माणसानं जन्मभर 'प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे' म्हटलं, त्याला तिथून हलायला वेळ लागणारच. मी घाई केली नाही.

मंगळवारी संध्याकाळी तुम्ही शेजारच्या मोदेनाहून काम आटोपून आलात. पाऊस पडत होता आणि आमच्याकडे एकच छत्री. तुम्ही हसून म्हणालात, छत्री राहू द्या. खरंच, तासभर चाललो आणि आईची शाल ओली झाली नाही. त्या शहरातल्या कमानीखालच्या पडव्यांची लांबी मिळून साठ किलोमीटरच्या वर भरते आणि २०२१ मध्ये त्यांना युनेस्कोच्या जागतिक वारशात स्थान मिळालं, हे तुम्ही चालता चालता सांगितलंत. आईला मुंबईच्या दादाभाई नौरोजी रस्त्यावरच्या कमानी आठवल्या. लग्नानंतर बाबा तिला पहिल्यांदा मुंबई दाखवायला घेऊन गेले होते तेव्हाही असाच पाऊस होता. ही गोष्ट मला माहीतच नव्हती, ताई. पन्नास वर्षांनी ती बोलोन्यात निघाली.

जेवणाचंही तुमचं ऋण आहे. आई पक्की शाकाहारी. 'भाजी आहे ना' एवढ्यावर विश्वास ठेवायचा नाही, कारण तोर्तेल्लीनी हा सारण भरलेला पास्ता मांसाच्या रश्श्यात येतो. रोमान्या भागातली पियादिना दिसायला आपल्या जाडसर पोळीसारखी, पण पारंपरिक पिठात डुकराची चरबी असते. आणि पार्मिजानो चीज वासराच्या पोटातल्या विरजणानं लावतात. हे सगळं तुम्ही कुठलाही उपदेश न करता आईला सांगितलंत आणि काय खायचं ते तिच्यावर सोडलंत. 'सेंत्सा कार्ने, सेंत्सा ब्रोदो', म्हणजे मांस नको, रस्सा नको, हे तुम्ही देवनागरीत लिहून दिलेलं चिटोरं तिनं पर्समध्ये ठेवलं होतं आणि शेवटी शेवटी ती ते न बघता म्हणायला लागली. ऑलिव्ह तेलातली पियादिना, आत मऊ चीज आणि रुकोलाचा पाला, हे तिचं रावेन्नातलं दोन्ही दिवसांचं जेवण.

व्हेनिस एका दिवसात आटोपलं. तुम्ही बुधवार निवडलात, कारण त्या आठवड्यात शुक्रवार ते रविवार एका दिवसापुरतं येणाऱ्यांकडून प्रवेशशुल्क घेत होते आणि गर्दीही त्याच दिवशी. अलीकडच्या मेस्त्रे स्टेशनला उतरायचं नाही, गाडी पाण्यावरून पलीकडे जाऊ द्यायची, सांता लुचिया या शेवटच्या स्टेशनला उतरायचं. स्टेशनाच्या दारातून बाहेर पडलं की समोर रस्ता नाही, मोठा कालवाच. आई तिथल्या पायऱ्यांवर बसली आणि अर्धा तास नुसतं पाणी बघत राहिली. मला वाटतं तिचं व्हेनिस तिथंच पूर्ण झालं. चार रात्रींची गरज नव्हती.

त्याच रात्री तुमचा मेसेज आला. शुक्रवारी रेल्वेचा संप. इटलीत संपाची सूचना किमान दहा दिवस आधी द्यावी लागते, त्यामुळे तुमच्या ते आधीच लक्षात होतं आणि रद्द होतो का याची तुम्ही वाट बघत होतात, हे नंतर कळलं. संपाच्या दिवशीही सकाळी सहा ते नऊ आणि संध्याकाळी सहा ते नऊ काही ठरावीक गाड्या सोडतात. पण त्यावर विसंबून आई-बाबांना घेऊन निघू नका, गुरुवारीच रावेन्नाला जा, असं तुम्ही निक्षून सांगितलंत. तिकीट मोकळं होतं, जास्तीची एक रात्र तुम्ही स्वतः तिथल्या घरमालकिणीशी इटालियनमध्ये बोलून मिळवून दिलीत. गुरुवारी संध्याकाळी आम्ही गाडीत बसलो. दोन्हीकडे सपाट शेतं, फळबागा, द्राक्षांच्या ओळी. बाबांनी प्रत्येक स्टेशनाचं नाव आणि वेळ डायरीत लिहिली. इमोला, कास्तेल बोलोन्येसे, लुगो. चार मिनिटं उशीर.

बोटीवर जेवणाच्या टेबलावर एक जोडपं भेटलं. ते व्हेनिसला राहिले होते, शुक्रवारची गाडी मिळाली नाही, शेवटी एवढं अंतर टॅक्सीनं कापलं. बाई अजून थरथरत सांगत होत्या. आईनं टेबलाखाली माझा हात दाबला.

आणि त्या संपामुळे आम्हाला रावेन्नात अख्खा शुक्रवार मिळाला! ताई, रावेन्नाबद्दल किती लिहू? मी ते गाव फक्त बंदराची सोय म्हणून धरलं होतं. गाल्ला प्लाचिदिया या रोमन सम्राज्ञीच्या नावाच्या छोट्याशा समाधिवास्तूत वेळ ठरवून पाचच मिनिटं सोडतात. बाहेरून साध्या विटा, आत गडद निळं छत आणि त्यावर सोन्याच्या चांदण्या, पंधराशे वर्षांच्या. खिडक्यांना काच नाही, अलाबास्टर या दगडाचे पातळ तक्ते, त्यातून मधासारखा उजेड येतो. तिथली जमीन शतकानुशतकं खचत गेल्यामुळे फरशी दीडेक मीटर वर उचलावी लागली आहे, म्हणून ते आकाश डोक्याच्या इतकं जवळ वाटतं. आईनं नकळत हात वर केला.

बाबांचं मन मात्र सांतापोल्लिनारे नुओवो या चर्चच्या भिंतीवर जडलं. तिथं रावेन्नाजवळच्या क्लासेचं जुनं बंदर मोझॅइकमध्ये, म्हणजे रंगीत तुकड्यांच्या चित्रात, जडवलेलं आहे, पाण्यावर तीन जहाजं. ऑगस्टसच्या काळापासून रोमचं आरमार तिथं असे. ते बंदर गाळानं भरून गेलं, समुद्र मागं हटला, आणि आज क्लासे हे आत जमिनीवरचं एक लहानसं रेल्वे स्टेशन आहे. बाबा म्हणाले, 'म्हणजे इथं बंदर हलतंच.' संध्याकाळी महाकवी दान्तेच्या समाधीपाशी गेलो. तो १३२१ मध्ये रावेन्नातच वारला. ज्या फ्लॉरेन्सनं त्याला हद्दपार केलं ते शहर आजही दरवर्षी तिथल्या दिव्यासाठी तेल पाठवतं.

शनिवारी टॅक्सी वेळेवर आली. दुपारी एकच्या आत आम्ही बोटीवर होतो. मी तुम्हाला 'चढलो' एवढंच लिहिलं आणि तुमचं उत्तर आलं, 'आता निवांत जेवा.'

तुम्ही आमच्याकडून काही घेतलं नाहीत. त्या घरमालकिणीला केलेल्या फोनाचे पैसेसुद्धा नाहीत. बाबांनी डायरीतलं ते पान फाडून तुमच्यासाठी ठेवलं आहे, बोलोन्या ते रावेन्ना, सगळ्या वेळांसकट. ते आणि आईची थालीपिठाची भाजणी तुमचे दीर पुढच्या महिन्यात येतील त्यांच्याबरोबर पाठवते.

एक विचारायचं होतं. आमच्या शेजारच्या काका-काकूंची क्रूझ त्रिएस्तेहून आहे. तुमचे तीन प्रश्न मी त्यांना विचारले आहेत आणि आदली रात्र त्रिएस्तेलाच काढायची हेही सांगितलं आहे. नंबर मात्र तुमचा दिलेला नाही. तुम्हाला वेळ असेल आणि तुम्ही हो म्हणालात, तरच देईन.

आई-बाबांचे आशीर्वाद.

तुमची,
साताऱ्याची धाकटी बहीण