बळी म्हणजे देवाला लाच नव्हे

महोदय,

प्राचीन इस्राएलातील पशुबळींचा विषय निघाला की ‘रागावलेल्या देवाला रक्त देऊन शांत करायचे’ एवढेच बोलले जाते. हे मला फार खटकते. बायबलमधील ‘लेवीय’ हे पुस्तक नीट वाचावे. शेजाऱ्याला लुबाडले असेल, तर आधी मूळ वस्तू आणि वर तिचा पाचवा हिस्सा त्याला भरून द्यायचा. दोषार्पणाचा, म्हणजे अपराधाबद्दल देवाला वाहायचा, मेंढा त्यानंतर. पापार्पणासाठी मेंढी परवडत नसेल तर दोन होले किंवा पारव्याची दोन पिले चालत. तीही ऐपत नसेल तर एफा या जुन्या धान्यमापाचा दहावा भाग सपीठ, तेल-धूप न घालता. म्हणजे रक्ताचा थेंबही न सांडता गरिबाला क्षमा मिळे! मला ही तरतूद सगळ्यांत हृद्य वाटते.

रक्ताला मोल होते ते त्यात प्राण असतो म्हणून. ते खाण्यास सक्त मनाई होती. प्रायश्चित्ताच्या दिवशी तर दोन बोकडांपैकी एकावर हात ठेवून महायाजक लोकांची पापे कबूल करी आणि तो बोकड जिवंतच रानात सोडला जाई.

इ.स. ७० मध्ये रोमनांनी जेरुसलेमचे मंदिर पाडले आणि तिथले बळी थांबले. प्रायश्चित्ताच्या दिवसाचा उपवास मात्र आपल्या कोकणातल्या बेने इस्राएल ज्यूंनीही जपला आहे.

– एक वाचक, अलिबाग