काम मागण्याबद्दल निखिलला

चि. निखिल यास,
अनेक आशीर्वाद.

वाकड आणि कर्वेनगर यांत फार अंतर नाही, फोनही रोज होतो, तरी पत्र लिहिते आहे. फोनवर नोकरीचा विषय निघाला की तू "बघतोय गं आई" म्हणतोस आणि फोन ईराकडे देतोस. समोरासमोर बसलो की बाबा गप्प होतात आणि प्राची काहीतरी निमित्त काढून स्वयंपाकघरात जाते. म्हणून लिहून पाठवते. सावकाश वाच. उत्तर लगेच दिलं नाहीस तरी चालेल.

मामाकडच्या मुंजीला तू आला नाहीस. ईराला ताप आहे असं प्राचीनं सांगितलं. ताप नव्हता हे मला कळलं, आणि प्राचीवर माझा जराही राग नाही. त्या मांडवात "सध्या कुठे असतोस?" हा प्रश्न तुला नको होता. गणपतीतही आरती संपता संपता आलास आणि प्रसाद घेऊन निघालास. जुन्या कंपनीतल्या मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधूनही बाहेर पडलास म्हणे. काम सुटून दोन वर्षं होत आली आणि तुझ्या आजूबाजूची माणसं एकेक करून कमी होत चालली आहेत. नोकरीची काळजी मला आहेच, पण ह्याची जास्त आहे. माझी सगळी नोकरी भोसरीतल्या एका कारखान्याच्या पर्सोनेल खात्यात गेली. माणसं कामावर कशी लागतात हे मी आतल्या बाजूनं पाहिलं आहे, म्हणून ही काळजी.

आधी तुझ्या अर्जांबद्दल बोलते. पोर्टलवर अर्ज टाकतोस, उत्तर येत नाही, आणि तुला वाटतं की कुणीतरी तो नीट वाचला, आपलं पंधरा वर्षांचं काम तोललं आणि नको म्हटलं. बहुतेक वेळा तो अर्ज कुणी उघडलेलाच नसतो. कंपनीसाठी माणसं शोधणारा कन्सल्टंट फिल्टर लावतो: सध्या नोकरीत आहे का, नोटीस पिरियड किती, शेवटचा पगार किती. तिथेच तू बाजूला पडतोस. आमच्या वेळी हेच काम हातानं चालायचं. टपालानं गठ्ठे यायचे, साहेबांना संध्याकाळपर्यंत टेबलावर आठ-दहाच अर्ज हवे असायचे. ज्याची नोकरी चालू तो वर, ज्याच्या तारखांत खंड तो खाली. खंड का पडला हे विचारायला कुणाला वेळ नसायचा. अमेरिकेत काही अर्थशास्त्रज्ञांनी हजारो बनावट अर्ज पाठवून हीच गोष्ट तपासली. त्यांचा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. उमेदवार किती महिने बेकार आहे तेवढं ते अर्जागणिक बदलत गेले. महिने वाढले तशी बोलावणी कमी झाली, आणि सगळ्यात मोठी घसरण पहिल्या आठ महिन्यांतच होती. एक ओळही न वाचता हे घडतं. तुझ्या कामाची पारख त्यात कुठेच झालेली नसते, निखिल. मग त्या न आलेल्या उत्तरांवरून स्वतःची किंमत ठरवू नकोस.

आता अण्णांबद्दल. तू तुझ्या आजोबांना पाहिलंस ते ओसरीवर बसून पेपर वाचणारे. १९७२ च्या दुष्काळात पुरंदरमधल्या आमच्या गावी विहिरीनं तळ गाठला, बैल विकावे लागले, आणि अण्णा खडी फोडायला जाऊ लागले. मी तेरा वर्षांची होते, दुपारची भाकरी घेऊन मीच जायचे. ओळीनं माणसं बसलेली असायची आणि त्यांत चांगली बागायत असलेल्या घरांतली माणसंही होती. दुपारी मुलांना सुकडी वाटायचे. तिची चव अजून जिभेवर आहे. पण सगळ्यात जास्त लक्षात राहिलं ते हे, की तिथे कुणी कुणाला "तू कसा काय इथे?" असं विचारत नव्हतं. पाऊस पडला नाही हे सगळ्यांनी पाहिलं होतं. अण्णा संध्याकाळी घरी येऊन हातावरचे फोड आम्हाला दाखवायचे. लपवायचे नाहीत.

तुझ्यावर आलं ते याच जातीचं, फक्त ते कुणाला दिसलं नाही. १ एप्रिल २०२० पासून गाड्यांच्या धुराचा बीएस-६ हा कडक नियम लागू झाला. बीएस-४ नंतरची बीएस-५ ची पायरी देशानं गाळूनच टाकली. लहान डिझेल इंजिन त्या नियमात बसवायचा खर्च इतका वाढला की मारुतीनं त्याच वेळी डिझेल गाड्या बनवणं थांबवलं. आणि तुमच्या लाइनवर बनायचा तो, इंजिनात डिझेल फवारणारा इंजेक्टर, विजेच्या गाडीला तर लागतच नाही. हे सगळं मला तूच समजावून सांगितलं होतंस, चाकणहून रात्री उशिरा परत आल्यावर, जेवताना. तुमची लाइन आधी दोन शिफ्टवर आली, मग एका, आणि शेवटी बंद झाली. त्यात तुझ्या हातून कुठलं रिजेक्शन झालं नव्हतं, कुठलं ऑडिट फसलं नव्हतं. पण वाकडच्या सोसायटीत सकाळी सगळ्या गाड्या बाहेर पडतात आणि एक उभी राहते, तेव्हा बघणाऱ्याला फक्त ती उभी गाडी दिसते. डिझेलचं काय झालं हे त्याला माहीत नसतं. तूही हळूहळू त्याच्याच नजरेनं स्वतःकडे पाहायला लागला आहेस असं मला वाटतं.

त्या दुष्काळातून महाराष्ट्रानं काय केलं ते तुला सांगायला हवं. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी मांडलेली रोजगार हमीची कल्पना सरकारनं राज्यभर राबवली. १९७७ साली विधिमंडळानं त्याचा कायदा केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. मागेल त्याला काम द्यायचं, पंधरा दिवसांत देता आलं नाही तर भत्ता द्यायचा. पैसा कुठून आणायचा? त्यासाठी १९७५ साली व्यवसाय कर बसवला. तुझ्या पगाराच्या स्लिपवर दरमहा दोनशे आणि फेब्रुवारीत तीनशे रुपये कापलेले दिसायचे ना, तो हाच. मी पगारपत्रकं करायचे तेव्हा लोक विचारायचे, हे कशाचे हो मॅडम? मी प्रत्येकाला थांबून सांगायचे, की काम नसलेल्यांसाठी काम असलेल्यांनी द्यायचे म्हणून हे सुरू झालं. तू पंधरा वर्षं ते दिलेस. काम मागणाऱ्यानं मान खाली घालायची नसते हे आपल्या राज्यानं कायद्यात लिहून ठेवलं आहे.

ती हमी खेड्यातल्या अंगमेहनतीच्या कामाची, हे खरं. तुझ्यासारख्यासाठी तसं काहीच नाही, आणि हे मला फार खटकतं. ईएसआयसीची, म्हणजे कामगार विमा महामंडळाची, २०१८ पासून एक योजना आहे, नोकरी गेलेल्या विमाधारकाला काही अटींवर नव्वद दिवसांपर्यंत सरासरी रोजंदारीच्या निम्मा भत्ता मिळतो. पण ईएसआय लागू होतं ते २१,००० रुपयांपर्यंतच्या पगाराला. त्याच्या वर पगार गेला की माणूस एकटा. ना रांग, ना खिडकी, ना त्याच रांगेत उभी असलेली दुसरी माणसं.

दिवसाचं म्हणशील तर लेबर वेल्फेअरचा डिप्लोमा करताना आम्हाला मारिएनथाल नावाच्या गावाबद्दल शिकवलं होतं. व्हिएन्नाजवळचं गाव, एकच कापड गिरणी, मंदीत ती बंद झाली आणि जवळजवळ सगळं गाव बेकार झालं. मारी याहोदा ही संशोधक आणि तिचे सहकारी यांनी तिथे जाऊन अभ्यास केला, १९३३ साली त्यांनी अहवाल छापला. त्यांनी घड्याळ लावून लोकांची चाल मोजली. पुरुष सावकाश चालत होते, वाटेत थांबत होते. हाताशी वेळच वेळ होता, तरी वाचनालयातून पुस्तकं नेणं कमी झालं होतं. दिवसभरात काय केलं हे पुरुषांना सांगता येत नव्हतं. ह्याला त्या संशोधकांनी आळस म्हटलं नाही. काम गेलं की दिवसाचा सांगाडाच जातो, असं त्यांच्या सगळ्या नोंदींतून दिसतं. तू पर्वती चढणं सोडलंस, वाचनालयाचं कार्ड ड्रॉवरमध्ये पडलं आहे, दुपारी झोपतोस आणि रात्री जागतोस, हे मी जाणून आहे आणि त्याबद्दल तुला बोलणार नाही. फक्त सकाळी नऊ ते एक हा वेळ घराबाहेर काढ, कुठेही, पण घरात नको.

आणि तुझ्याकडे जागा आहे. भोसरीतल्या तुझ्या मित्राच्या टूलरूमचे कागद तूच करतोस ना? माल कुठे कसा तपासायचा त्याचा कंट्रोल प्लॅन, दोष का आला आणि काय उपाय केला हे गिऱ्हाइकाला सांगणारे आठ-डी रिपोर्ट, आयएटीएफ ह्या वाहन उद्योगातल्या क्वालिटीच्या प्रमाणपत्राच्या ऑडिटची तयारी. "जरा मदत करतो" असं तू म्हणतोस. ही मदत नाही रे राजा, हे काम आहे, आणि ते तू फुकट करतो आहेस. त्याच्याकडून महिन्याला ठरावीक रक्कम घे, थोडी असली तरी बिल करून घे. लहान उद्योगांसाठीची उद्यम नोंदणी ऑनलाइन होते, तिला सरकार एक पैसाही घेत नाही. भोसरी आणि तळवड्यात दहा-पंधरा माणसांची कितीतरी शॉप, म्हणजे लहान वर्कशॉप आहेत, ज्यांना पूर्ण वेळ क्वालिटी इंजिनिअर परवडत नाही आणि मोठ्या गिऱ्हाइकाचे कागद मात्र पुरे करावेच लागतात. आठवड्यातून एक दिवस येणारा माणूस त्यांना हवाच असतो. शिवाय बायोडेटात ह्या दोन वर्षांपुढे लिहायला खरी ओळ मिळेल.

खरी ओळ म्हणते त्याला कारण आहे. कुणीतरी तुला पैसे घेऊन अनुभवाचं सर्टिफिकेट देतो म्हणालाय, असं प्राची बोलता बोलता बोलून गेली. तिच्यावर चिडू नकोस. ते अजिबात करायचं नाही. यूएएनवर, म्हणजे पीएफच्या कायमच्या नंबरवर, कुठे कधी लागलास आणि कधी सुटलास त्याच्या तारखा असतात, आणि कंपन्या त्या ताडून पाहतात. पकडला गेलास तर पंधरा वर्षांच्या खऱ्या कामावरही कुणी विश्वास ठेवणार नाही. आणि नोकरी देण्यासाठी आधी पैसे मागणारा कुणीही असो, त्याचा फोन ठेवून द्यायचा. मुलाखतीत खंडाबद्दल विचारलं तर दोन वाक्यं पुरेत: डिझेलची लाइन बंद झाली, तेव्हापासून लहान शॉपना क्वालिटीच्या कामात मदत करतो. मग थांब. समोरचा पुढचं विचारेल. लांबण लावलीस की त्याला शंका येते, हे मी शेकडो मुलाखतींत पाहिलं आहे.

आमच्या कारखान्यात जाहिरात देण्याआधी माणसाचं नाव बहुतेक कुठून तरी येऊन पोचलेलं असायचं. स्टोअरकीपर सांगायचा, मशीनच्या सर्व्हिसिंगला येणारा सांगायचा, माल पुरवणारा सांगायचा. जिवाभावाची माणसं क्वचितच, कारण ती आपल्याच कारखान्यातली असतात आणि त्यांना ठाऊक असलेली जागा आपल्यालाही ठाऊक असते. अर्धवट ओळखीचा माणूस दहा गेट फिरतो. तू ज्या व्हेंडरांची ऑडिट केलीस ते सगळे असेच फिरणारे आहेत, आणि तू कधी कुणाकडून चहाच्या पलीकडे काही घेतलं नाहीस हे त्यांना चांगलं आठवत असणार. त्यांना फोन कर. "जागा आहे का" असं विचारू नकोस, त्यावर "नाही" म्हणणं सोपं असतं. "मी मोकळा आहे, क्वालिटीचं काम बघतोय, कुणाला गरज असेल तर माझं नाव सांगा", एवढंच. आणि त्या ग्रुपमध्ये परत जा. तिथल्या काहींचीही नोकरी गेली आहे, तेही असेच गप्प बसलेले असतील.

पगार पूर्वीपेक्षा कमी मिळेल. मला विचारशील तर आपल्या क्षेत्रातलं काम असेल तर कमी पगारावर जा, वर्षभरानं पुन्हा बोलता येतं. कॅब चालवायचा विचार तू प्राचीजवळ बोललास. त्यात कमीपणा काहीच नाही, पण सुरू केलंस तर संध्याकाळचीच चालव, कंपन्यांच्या वेळेत मोकळा राहा.

पैशाचं आम्ही दोघांनी ठरवलं आहे. पुढचं वर्षभर फ्लॅटच्या हप्त्यातला अर्धा भाग आमच्याकडून जाईल. बाबांनीच काढलं हे, मी नाही. ते तुझ्याशी बोलत नाहीत म्हणजे नाराज आहेत असं समजू नकोस, त्यांना शब्द सापडत नाहीत एवढंच. हे पैसे परत करायचे नाहीत. त्यावर चर्चाही नको.

एक शेवटचं, आणि हे वाचून टाळू नकोस. रात्र रात्र झोप लागत नसेल, नको नको ते विचार मनात येत असतील, तर १४४१६ वर फोन कर. ते सरकारचं टेलिमानस आहे, मनाच्या त्रासासाठीची हेल्पलाइन, फुकट आहे, चोवीस तास चालू असतं, मराठीत बोलतात. नाहीतर मला उठव. रात्री कितीही वाजता. मला जागं करणं म्हणजे त्रास देणं असं तुझ्या मनात कधीही येऊ देऊ नकोस.

आमच्या कारखान्यात मेंटेनन्सला होते ते काका आता भोसरीतच स्वतःचं शॉप चालवतात. मी त्यांच्याशी बोलले आहे, तू काय काम केलंस ते सांगितलं आहे. त्यांच्याकडे जागा नाही, पण त्यांच्या दोन गिऱ्हाइकांना माणूस हवा आहे. नंबर प्राचीला पाठवला आहे. गुरुवारी तिकडे बहुतेक शॉप बंद असतात, तेव्हा शुक्रवारी अकराच्या सुमारास जा. फोन मात्र आधी तूच करायचा. ईराला त्या दिवशी शाळेतून मी आणते.

तुझी,
आई