तासांच्या हिशेबात घर कुठे आहे?

महोदय,

तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावे, असे इन्फोसिसचे सहसंस्थापक नारायण मूर्ती यांनी ऑक्टोबर २०२३ मध्ये सुचवले आणि जानेवारी २०२५ मध्ये एल अँड टीचे अध्यक्ष एस. एन. सुब्रह्मण्यन यांनी तो आकडा ९० वर नेला. रविवारी घरी बसून बायकोकडे किती वेळ पाहत राहणार, या त्यांच्या प्रश्नावर भरपूर विनोद झाले, उत्पादकतेचे दाखले दिले गेले, १९४८ च्या कारखाना कायद्यातील ४८ तासांच्या मर्यादेचीही आठवण करून देण्यात आली. परंतु कोणी सक्ती केलेली नसताना जे एवढे तास राबले, त्यांचे म्हणणे माझ्या फारसे वाचनात आले नाही. मी त्यांपैकी एक आहे.

चिंचवडच्या एका कारखान्यात मी शिकाऊ अभियंता म्हणून लागलो आणि ३४ वर्षांनी उत्पादन विभागाचा प्रमुख म्हणून निवृत्त झालो. ९० तास म्हणजे सातही दिवस रोज जवळजवळ १३ तास. मार्चअखेरीस माल रवाना करण्याच्या धांदलीत एवढे तास मी कित्येकदा भरले आहेत. माझे वडील कराडजवळच्या गावी शेती करत. ‘एकदा ये आणि बांध बघून घे, विहिरीची पाळी कोणाकोणाची ते समजून घे,’ एवढेच ते सांगत असत. दरवर्षी ‘दिवाळीनंतर येतो’ हे माझे उत्तर ठरलेले असे. अखेर तो बांध मी पाहिला तो त्यांच्या पश्चात, तलाठ्याकडून घेतलेला उतारा हातात धरून, आणि तोही चुलतभावाने दाखवला म्हणून.

निवृत्तीनंतर माळा आवरताना मुलीची शाळेची जुनी डायरी सापडली. तातडीच्या वेळी संपर्क साधण्यासाठी दिलेल्या रकान्यात माझ्या पत्नीने शेजाऱ्यांचा दूरध्वनी क्रमांक लिहिला होता. मला आधी रागच आला, हे कबूल केले पाहिजे. कारखान्यात फोन केला की ‘साहेब शॉपवर (म्हणजे यंत्रे चालतात त्या विभागात) आहेत’ एवढाच निरोप मिळत असे, हे तिने शांतपणे सांगितल्यावर माझ्यापाशी बोलण्यासारखे काही उरले नाही.

‘हे सगळे तुमच्यासाठीच तर चालले आहे,’ हे वाक्य मी घरात इतक्या वेळा उच्चारले की ते मलाही खरे वाटू लागले होते. घराचे कर्ज फिटले, मुलीच्या शिक्षणाची तरतूद झाली, तरीही मी रात्री नऊपर्यंत थांबतच होतो, कारण कारखान्यात माझ्या शब्दाला वजन होते आणि घरात मला साखरेचा डबा कुठे असतो हेही ठाऊक नव्हते. कुटुंबासाठी म्हणून सांगितलेल्या तासांपैकी निदान निम्मे माझ्या स्वतःच्या मानासाठी होते. ७० आणि ९० तासांचा पुरस्कार करणाऱ्यांना माझी एवढीच विनंती आहे की, त्या तासांत घरी मुलांचा ताप, आईवडिलांचे दवाखाने आणि बँकेची कामे कोणी सांभाळली, हेही त्यांनी त्याच व्यासपीठावरून सांगावे.

हे पत्र पाठवण्यापूर्वी पत्नीला वाचून दाखवले. मुलीची ती डायरी तिसरीची असल्याचे मी लिहिले होते. ती पाचवीची होती, अशी दुरुस्ती तिने केली, म्हणून तो उल्लेखच काढून टाकला आहे.

– एक निवृत्त अभियंता, चिंचवड, पुणे