उंबरावरून उतरल्यानंतरचे पान

सदर, नागपूर

आदरणीय बाई,
प्रभू येशूच्या नावात सलाम.

हे पत्र मी उघडपणे लिहीत आहे, कारण आपण ज्यांना बायबलमधली वचने वहीत उतरवायला शिकवले त्यांत माझ्यासारखे आणखीही काही जण आहेत आणि त्यांच्याही वाट्याचे आभार यात आहेत. आपले नाव मात्र घातलेले नाही. मंडळीत सगळे आपल्याला नुसते 'बाई' म्हणतात, तेवढे पुरे आहे.

तीन वर्षांपूर्वी लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या आरंभी उपासना संपल्यावर आपण मला थांबवून विचारले होते, "शास्त्र वाचता, पण लिहून काढता का?" मी जन्मभर हिशेबनीस, वहीत आकडे लिहिण्याची सवय होती, वचने लिहिण्याची नव्हती. तेव्हा आपण बायबलमधल्या 'अनुवाद' या पुस्तकाचा सतरावा अध्याय उघडून दाखवलात. राजा सिंहासनावर बसला की त्याने नियमशास्त्राची नक्कल स्वतःसाठी लिहून घ्यावी, ती जवळ बाळगावी आणि आयुष्यभर वाचावी, असे तिथे सांगितले आहे. राजाच्या पदरी लेखनिकांना तोटा नसतो, तरीही नक्कल त्याची स्वतःची हवी. कारण डोळे ओळी गाळून पुढे जातात, हाताला तसे जाता येत नाही, असे आपण म्हणालात. ही गोष्ट मला एखाद्या प्रवचनापेक्षा लवकर पटली. ताळेबंद दुसऱ्याने केलेला नुसता वाचला की चूक सापडत नाही, आपण स्वतः पुन्हा मांडला की सापडते.

आपली रीत साधी होती. उजव्या पानावर वचन जसेच्या तसे उतरवायचे आणि डाव्या पानावर त्या दिवशी स्वतःबद्दल जे खरे असेल तेवढेच लिहायचे. चुकलेल्या दिवसांची पाने नंतर भरायची नाहीत, हा आपला दंडक मला सुरुवातीला जाचक वाटला. मध्यंतरी चार महिने मी वहीला हात लावला नव्हता आणि मागच्या तारखा घालून पाने भरून टाकावीत असा मोह मला झाला होता. "कोरे आहे ते कोरे राहू द्या, तेही खरेच आहे," असे आपण सांगितलेत. हिशेबाच्या वहीत मागची तारीख घालून नोंद करणाऱ्याला आम्ही काय म्हणतो, हे आपल्याला ठाऊक नसेलही. पण माझ्या जिव्हारी लागायचे ते लागले.

त्या वर्षी मे महिन्यात ११९वे स्तोत्र उतरवायला घेतले होते. १७६ वचने, इब्री वर्णमालेच्या २२ अक्षरांप्रमाणे आठ-आठ वचनांची कडवी, म्हणून रोज एक कडवे. नागपूरच्या त्या उकाड्यात मनगटाच्या घामाने शाई पसरायची, म्हणून हाताखाली टीपकागद घ्यावा लागायचा, आणि कूलरचा झोत पाने उलटवायचा, म्हणून वहीवर दोन्ही बाजूंना देव्हाऱ्यातल्यासारखी छोटी पितळी वजने ठेवलेली असत. ती माझ्या आजोबांच्या तराजूची आहेत.

खरे आभार मानायचे आहेत ते मात्र जक्कयाच्या पानाबद्दल. लूकच्या शुभवर्तमानाच्या एकोणिसाव्या अध्यायावर मी चांगली दोन पाने लिहिली होती: यरीहोतला ठेंगणा मुख्य जकातदार जक्कय, गर्दी, येशूला पाहायला तो चढलेले उंबराचे झाड, येशूने नाव घेऊन मारलेली हाक. भाषा मला स्वतःलाच आवडली आणि ती आपल्याला दाखवण्याचा मोह आवरला नाही. आपण चष्मा लावून ती पाने सावकाश वाचलीत. मग एवढेच विचारलेत, "जक्कय झाडावरून उतरला, इथवर छान लिहिले आहे. पुढे पैशांचे काय झाले, ते कुठे आहे?"

ते नव्हते. अर्धी मालमत्ता गरिबांना आणि अन्यायाने घेतलेले चौपट परत, हे जक्कयाच्या तोंडचे आठवे वचन मी उजव्या पानावर उतरवले होते आणि डाव्या पानावर त्याचा मागमूसही नव्हता. हिशेबनिसाच्या हातून नेमका हिशेबच गळाला होता. घरी येताना मला उगाच गळाला असे वाटेना.

आमच्या वरच्या खोलीत पूर्वी गोंदियाचा एक विद्यार्थी भाड्याने राहत होता. तो खोली सोडून गेला तेव्हा भिंत खराब केल्याचे सांगून मी त्याची ८,००० रुपयांची अनामत ठेवून घेतली होती. भिंतीला ओल आली होती ती गच्चीवरून, आणि ते मला त्याच पावसाळ्यात समजले होते. त्या रात्री डाव्या पानावर मी एवढेच लिहिले. भाषा अजिबात चांगली नव्हती.

फोन करायला आणखी अकरा दिवस लागले. रक्कम पाठवली आणि खरे ते सांगितले. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "काका, मला आजपर्यंत वाटत होतं की भिंत माझ्यामुळेच खराब झाली." पैसे परत करता येतात, हे मी धरून चाललो होतो, परंतु त्याच्या मनावर इतकी वर्षे जे ओझे ठेवले होते, ते कोणत्या रकान्यात मांडायचे, हे मला कळेना. जक्कयाच्या मापाने ३२,००० होतात. तेवढे मी दिलेले नाहीत, हेही इथे नमूद करतो, नाहीतर हे पत्रसुद्धा त्या पहिल्या दोन पानांसारखे होईल.

याच नागपुरातून राजनांदगावला निघालेल्या कवी नारायण वामन टिळकांना आगगाडीत एका सहप्रवाशाने बायबलची प्रत दिली आणि पुढे ते येशूच्या डोंगरावरील प्रवचनापाशी अडकून पडले, हे आपण आम्हाला अनेकदा सांगितले आहे. १८९५ साली त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्या प्रवाशाला आपण काय देऊन गेलो हे कितपत कळले असेल, असे मला नेहमी वाटते. आपल्याला कळावे म्हणून हे पत्र.

सध्या मत्तयाचा पाचवा अध्याय सुरू आहे. अर्पण वेदीपाशी ठेवून आधी भावाकडे जाण्याचे वचन परवा उजव्या पानावर उतरवले. डावे पान अजून कोरे आहे. धाकट्या भावाचे घर मानेवाड्यात आहे, हे आपल्याला माहीत आहे. येत्या रविवारी उपासनेनंतर मी नेहमीसारखा थांबणार नाही, त्याबद्दल आधीच क्षमा मागतो.

आपला कृतज्ञ,
वहीवाला हिशेबनीस