पात्यांजवळ जुगाड नको

संपादक महाशय,
स. न. वि. वि.

सुटीतल्या छंदांवर आपल्या पुरवणीत आलेला मजकूर वाचला. रिमोटच्या हेलिकॉप्टरचं त्यात भरभरून कौतुक आहे, पण ते झिजल्यावर काय करायचं याबद्दल अवाक्षर नाही. माझी उभी हयात टूलरूममध्ये फिटर म्हणून गेली. निवृत्त झाल्यापासून आजूबाजूची पोरं ‘काका, जरा बघा ना’ म्हणत ही यंत्रं घेऊन येतात, आणि त्यात काय काय सापडतं ते पालकांच्या कानावर घालायलाच हवं.

परवा एक ४५० साइजचं, म्हणजे फूटभर लांब पात्यांचं, हेलिकॉप्टर आलं. तक्रार काय, तर शेपूट सारखी डुलते. पोरगा गायरोची (शेपूट स्थिर ठेवणाऱ्या सेन्सरची) सेटिंग बदलून बदलून कंटाळला होता. मी मुख्य शाफ्ट, म्हणजे पाती फिरवणारा उभा दांडा, बाहेर काढला. बेअरिंग जाम होऊन त्याची आतली रिंग शाफ्टवरच घसरत होती. ५ मिलिमीटरचा शाफ्ट तेवढ्या पट्ट्यात मायक्रोमीटरवर ४.९४ भरला, आणि त्या खाचेवर टेफ्लॉन टेप गुंडाळून वर फेव्हिक्विक सोडलेलं! एका दुकानदाराने या कामाचे ‘रिपेअरिंग’ म्हणून पैसे घेतले होते.

या साइजची पाती मिनिटाला २८०० फेऱ्यांच्या आसपास फिरतात. टोकाचा वेग ताशी ३५० किलोमीटरच्या पुढे जातो. एक पातं असतं जेमतेम पस्तीस ग्रॅमचं, पण त्या वेगात ते आपल्या ग्रिपला, म्हणजे त्याला धरून ठेवणाऱ्या पकडीला, पन्नास किलोहून जास्त जोराने बाहेर ओढतं. २०१३ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात १९ वर्षांच्या एका तरुणाचा स्वतःच्याच मॉडेल हेलिकॉप्टरचं पातं लागून जीव गेला. तो काही नवशिका नव्हता.

ही सगळी ओढ ग्रिपमधल्या थ्रस्ट बेअरिंगवर येते. त्यातल्या गोळ्यांच्या दोन बाजूंच्या चकत्या दिसायला सारख्या, पण एकीचं भोक केसभर मोठं असतं. मोठ्या भोकाची चकती हबच्या (मधल्या गाभ्याच्या) बाजूला, लहान भोकाची बाहेर, मध्ये ग्रीस. उलटी बसवली तर गोळ्यांची खाच लवकर उखडते आणि ग्रिप फिरवताना बोटाला खरखर लागते. ही खरखर लागली की अख्खं बेअरिंग बदलायचं. हेलिकॉप्टर आदळल्यावर फेदरिंग शाफ्ट, म्हणजे दोन्ही ग्रिपमधून जाणारा आडवा दांडा, काचेच्या तुकड्यावर लोळवून पाहावा. खालून उजेडाची फट दिसली तर तो गेला. हातोडीने सरळ केलेला शाफ्ट पुन्हा घालणाऱ्याला मी तरी कारागीर म्हणणार नाही.

झिजलेलं सगळंच फेकायचं, असंही नाही. मुख्य शाफ्टचा वर-खाली प्ले (ढिलेपणा) त्यावरची कॉलर (आवळायची कडी) नीट बसवून जातो, गरज पडल्यास पातळ शिम (चकती) घालावी, त्यात गैर काही नाही. पात्यांचा कोन बदलणाऱ्या काड्यांच्या टोकाचे प्लॅस्टिकचे लिंक मात्र त्यांच्या गोल बॉलवर ढिले झाले की पक्कडीने दाबत बसू नये. नवे स्वस्त मिळतात.

‘पार्ट मिळत नाही’ हे रडगाणं मला पटत नाही. पुष्कळ बेअरिंगं साधी, ठरलेल्या मापाची असतात. ६९३ झेडझेड म्हणजे ३ बाय ८ बाय ४ (आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी, मिलिमीटरमध्ये), एमआर १०५ झेडझेड म्हणजे ५ बाय १० बाय ४. जुनं बेअरिंग व्हर्नियरने मोजा, माप चिठ्ठीवर लिहा आणि मुंबईत नागदेवी स्ट्रीटच्या हार्डवेअर बाजारात जा. तिथला माणूस हेलिकॉप्टर कसलं, हेही विचारणार नाही.

विक्रेत्यांना एवढीच विनंती, की डब्याबरोबर बेअरिंगच्या मापांची यादी द्या आणि काउंटरवरची चिकटपट्टीची डागडुजी बंद करा. पालकांनी दुरुस्तीनंतर काढलेला जुना भाग मागून घ्यावा. तो दाखवता आला नाही, तर बदललेलं काहीच नाही असं खुशाल समजावं.

वन-वे (एकाच दिशेने पकड घेणाऱ्या) बेअरिंगला घट्ट ग्रीस चोपडणाऱ्यांबद्दल इथे लिहीत नाही. त्यातले रोलर पकड सोडतात, मोटर फिरते आणि पाती मागे पडतात, तेव्हा त्यांचं त्यांनाच कळतं. तिथे पातळ तेलाचा एक थेंब पुरतो.

आपला,
एक निवृत्त टूलरूम फिटर, ठाणे